अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या : फायदा कोणाला, धोका कोणाला?

"डॉक्टर, वडिलांना अँटिऑक्सिडंटची गोळी सुरू करू का? त्याने कॅन्सर टळतो म्हणतात." हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक अनेकदा विचारतात. त्याचे उत्तर समजण्यासाठी आधी फ्री रॅडिकल्सची ओळख करून घेऊ.

फ्री रॅडिकल्स म्हणजे काय?

रेणूंमधील इलेक्ट्रॉन सहसा जोडीने असतात. ज्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन एकटा उरतो, तो फ्री रॅडिकल म्हणजेच मुक्त मूलक. तो अस्थिर असतो आणि शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग तो शेजारी अस्थिर होतो आणि साखळी सुरू होते. बरेच दिवस ठेवलेल्या तेलाला खवट वास येतो तो अशाच साखळीमुळे. आपल्या पेशींच्या आवरणातही स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे तिथेही हे घडू शकते.

अन्नापासून ऊर्जा तयार करताना प्रत्येक पेशीत थोडी फ्री रॅडिकल्स तयार होतातच. तंबाखूचा धूर, प्रदूषित हवा, तीव्र ऊन आणि किरणोत्सर्ग यांमुळे त्यांची भर पडते. मात्र ती सगळी शत्रू नसतात. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी ती मुद्दाम तयार करतात.

अँटिऑक्सिडंट काय करतात?

ही साखळी तोडणारे किंवा सुरूच होऊ न देणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. यांतील कॅटालेज, ग्लुटाथायोन यांसारखे पदार्थ शरीर स्वतः बनवते. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि कॅरोटीन अन्नातून मिळतात. फ्री रॅडिकल्स जास्त आणि संरक्षण कमी, असा तोल बिघडला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचणे, मधुमेहातील गुंतागुंत, मोतीबिंदू, फुप्फुसांचे जुनाट आजार आणि कॅन्सर यांत त्याचा सहभाग आढळतो. पण बहुतेक आजारांत तो अनेक कारणांपैकी एक असतो.

मग गोळ्या घेतल्या तर?

भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि काही कॅन्सर कमी आढळतात. म्हणून त्यांतील अँटिऑक्सिडंट गोळीतून देऊन पाहण्यात आले. निकाल अपेक्षेच्या उलट आले.

• फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्के जास्त आढळला.
• अमेरिकेतील अशाच एका चाचणीतही हा धोका वाढलेला दिसल्याने ती १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली.
• ३५,००० हून अधिक पुरुषांच्या आणखी एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के वाढला.

असे का व्हावे? फळातून अनेक घटक थोड्या प्रमाणात आणि एकत्र मिळतात, तर गोळीतून एकच घटक मोठ्या मात्रेत मिळतो. शिवाय अँटिऑक्सिडंट निरोगी पेशींप्रमाणे कॅन्सरच्या पेशींनाही वाचवू शकतात.

गोळ्यांचा उपयोग कोणाला?

वयोमानाने डोळ्यातील पडद्याचा मध्यभाग झिजण्याचा आजार मध्यम टप्प्यात असेल, तर जीवनसत्त्वे आणि झिंक यांच्या ठरावीक मिश्रणाने तो बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. हे मिश्रण नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावे. धूम्रपान करणाऱ्यांनी किंवा पूर्वी करत असलेल्यांनी बीटा कॅरोटीन नसलेले मिश्रण घ्यावे. एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता असल्याचे निदान झाले असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस गोळी घ्यावी.

हे लक्षात ठेवा

• केमोथेरपी किंवा रेडिएशन सुरू असताना कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अँटिऑक्सिडंट गोळ्या किंवा पावडर घेऊ नका. या उपचारांचा काही परिणाम फ्री रॅडिकल्समार्फतच होतो.
• रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो.
• मुतखड्याचा त्रास असेल, तर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या टाळा.
• डॉक्टरांकडे जाताना घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पावडरी आणि काढे सोबत न्या.

रोजच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, गाजर, टोमॅटो, डाळी, मूठभर शेंगदाणे आणि पेरू किंवा आवळ्यासारखे एखादे फळ असू द्या. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, म्हणून लिंबू शिजवताना न घालता ताटात वरून पिळा. किडनीचा आजार असल्यास फळे आणि पालेभाज्या किती घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारा.

वडील विडी-सिगारेट ओढत असतील, तर पहिला उपचार ती सोडणे हाच आहे. धुरातून होणारे नुकसान कोणतीही गोळी भरून काढत नाही.