भार पडलाच नाही, तर परीक्षा कसली?

बीड जिल्ह्यात जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे खरीप पीकविम्याची धांदल. गेवराई असो की केज, सेवा केंद्रापुढे सातबारा, आधार, पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन रांग लागते आणि आतून ठरलेलं उत्तर येतं : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात विमा मिळू लागला, अर्जांचा ओघ वाढला आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली. त्याआधी १६ जुलै २०२१ ला दहावीच्या निकालाची संकेतस्थळं काही तास कोलमडली होती.

अशी झुंबड आधीच घडवून पाहता येते. त्याला लोड टेस्टिंग म्हणतात. पायथनमधली ‘लोकस्ट’ ही मोफत लायब्ररी त्यासाठी जगभर वापरतात. छोटी स्क्रिप्ट लिहायची : लॉगिन करा, अर्ज उघडा, जरा थांबा, सबमिट करा. मग संगणक असे हजारो कृत्रिम वापरकर्ते सोडतो आणि प्रत्येक प्रतिसादाला लागलेला वेळ नोंदवतो.

पंचाईत होते लायब्ररी अपडेट केल्यावर. मे २०२० मध्ये लोकस्टची १.० आवृत्ती आली आणि बरीच नावं बदलली. ‘एचटीटीपी-लोकस्ट’चं ‘एचटीटीपी-यूजर’ झालं, ‘स्लेव्ह’चं ‘वर्कर’. जुनी स्क्रिप्ट सुरू होतानाच एरर देते. हा बिघाड परवडला, कारण तो लपत नाही.

घात करतो तो मुका बिघाड. वापरकर्त्याने दोन कृतींमध्ये किती थांबायचं, हे जुन्या पद्धतीत मिलिसेकंदांत द्यायचं : किमान १०००, कमाल ५०००, म्हणजे १ ते ५ सेकंद. नव्या ‘बिटवीन’ फंक्शनला सेकंद लागतात. तेच आकडे जसेच्या तसे डकवले, तर वापरकर्ता १७ ते ८३ मिनिटं गप्प बसतो. हजार वापरकर्त्यांकडून सेकंदाला तीनशेच्या आसपास विनंत्या जायला हव्यात. जाते तीन सेकंदांना एक. एरर नाही, प्रतिसाद झटपट, अहवालात सगळं आलबेल!

चोर पकडायचा तर सेकंदाला जाणाऱ्या विनंत्यांच्या आलेखाची सुरुवात पाहावी. प्रत्येक जण पहिली कृती थांबण्याआधीच करतो, म्हणून आधी उंचवटा दिसतो आणि मग रेघ जमिनीला टेकते. मग एकच वापरकर्ता चालवून दोन विनंत्यांमधलं अंतर मोजावं. ‘२००’ हा यशाचा कोड आला तरी पान उघडून बघावं. ‘नंतर प्रयत्न करा’ असं सांगणारं पानही कधी कधी हाच कोड घेऊन येतं. लायब्ररीची आवृत्ती रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये नेमकी लिहून ठेवावी, म्हणजे ती परस्पर बदलत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय कागदावरचा आहे. वापरकर्त्यांच्या संख्येला थांबण्याचा आणि प्रतिसादाचा मिळून जो सरासरी वेळ होतो, त्याने भागायचं. येणारा आकडा आणि अहवालातला दर जुळत नसेल, तर सर्व्हरला शाबासकी देण्याआधी स्क्रिप्ट तपासावी.