काळी तीनच्या अलीकडे, पलीकडे

पट्ट्यांचं वाद्य कोणत्याही कंपनीचं असो, वरातीतली माणसं त्याला 'कॅसिओ'च म्हणतात. 1980 साली आलेल्या कॅसिओटोनचं नाव असं सगळ्या जातकुळीला चिकटलं. नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर-अक्कलकुव्याकडच्या लग्नांत, हा कॅसिओ बँडच्या गाडीवर चढतो. शेजारी ऑक्टोपॅड, भोवती स्पीकरची भिंत. रोडाली संगीताची चाल सुरू झाली की खाली फेर धरलेली माणसं दमायचं नाव घेत नाहीत. कॅसिओवर माणूस एकच, पण कान दिला तर वर शहनाई ऐकू येते आणि खाली बास. पट्ट्यांच्या एकाच रांगेत डावी-उजवीकडे दोन वाद्यं बसवायची ही सोय म्हणजे 'स्प्लिट'.

सातपुड्यातल्या होळीत हे काम दोघांचं असतं. पावरी फुंकणाऱ्याचा श्वास आणि बोटं सुरात गुंतलेली. जमीन हलवायची ती ढोलानं. पेटीवाल्याची गोष्ट वेगळी. त्याचा उजवा हात गातो आणि डावा भाता ओढतो. पिढ्यानपिढ्या आपल्या डाव्या हातानं फक्त हवा पुरवली. वीज आली, भाता गेला, हात मोकळा झाला; पण त्यानं करायचं काय, हे कुणी शिकवलं नव्हतं. मग तो उजव्याचीच चाल एक सप्तक खाली गिरवू लागला. साध्या पियानोच्या आवाजात ते खपून जातं. स्प्लिट करून डावीकडे बास लावला आणि तीच चाल गिरवली, की नुसता कालवा. तिथे षड्ज हवा, मधूनच पंचम, आणि ढोलाच्या घावाबरोबर नेमका पडणारा हात. डाव्या हाताला गप्प राहणं स्प्लिटच्या बटणानं शिकवलं, असं मला मनापासून वाटतं.

पट्ट्यांची वाटणी कुठे होते? यामाहाच्या अनेक डिजिटल पियानोंत ती जागा एफ शार्प 2 अशी लिहितात, रोलँडच्या अनेकांत एफ शार्प 3. आकडे वेगळे, पट्टी एकच: मधल्या सप्तकाच्या लगेच खालची काळी तीन. यामाहा मधल्या सी ला 3 म्हणते, रोलँड 4, एवढाच फरक. 88 पट्ट्यांच्या पियानोत डावीकडे 34 येतात, उजवीकडे 54. बँडच्या 61 पट्ट्यांत मात्र डाव्या वाट्याला जेमतेम 19 उरतात. बासला तेवढ्या पुरे होतात. डावीकडे व्हायोलिनचा ताफा लावायचा असेल, तर तो भाग एक सप्तक वर चढवावा लागतो, नाहीतर खालचे सूर नुसते घुमतात. पाय पेडलवर असेल तर आणखी जपायचं. उजवीकडच्या पियानोला ते लांबण देतं, पण बासला लागलं तर आधीचा षड्ज विझायच्या आत पुढचा येऊन बसतो. बऱ्याच यंत्रांत पेडल उजव्या भागापुरतं ठेवता येतं; ते आधीच करून घ्यावं.

खरी फजिती चाल खाली उतरते तेव्हा होते. मंद्रातल्या निषादाला बोट टेकलं आणि तो काळी तीनच्या अलीकडे असला, की शहनाई मध्येच तुटून बासचा हुंकार निघतो. म्हणून जाणता वादक गाडी हलायच्या आधी चाल एकदा हळू वाजवून पाहतो, तिचा सगळ्यात खालचा सूर हेरतो आणि स्प्लिटचं बटण दाबून धरून त्याच्या डावीकडची पट्टी दाबतो.