गाजरगवताची बाधा व शरीराची चुकीची नोंद

गाजरगवत उपटताना एकास काहीच होत नाही आणि दुसऱ्याच्या पापण्या, मान व कोपराची लवण लाल होऊन सुजते, असे का? दोष केवळ गवताच्या विषाचा असता तर तो सर्वांस सारखाच बाधता.

रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराच्या राखणदार होत. शिरलेल्या जंतूस त्या मारतात व त्याची ओळख जपून ठेवतात. गोवराची लस याच ओळखीवर चालते. परंतु या गवतातील पार्थेनिन नामक द्रव्य कातडीस वारंवार लागले असता काहींच्या शरीरात त्याचीही शत्रू म्हणून नोंद होते. आमचे आयुष्य फेरफाराच्या नोंदी करण्यात गेले. चुकीची नोंद खोडणे किती दुर्घट, हे आम्ही जाणतो. येथे तर अपिलाचीही सोय नाही. पुढे वाऱ्याने उडालेला नुसता चुरा लागला तरी एकदोन दिवसांत राखणदार धन्याच्याच कातडीवर तुटून पडतात, आणि कित्येकांस शेतात जाणेच अशक्य होते.

१९५५ साली पुण्यास नजरेस आलेले हे गवत आज बांधोबांधी आहे. ते फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असता, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मुळासकट उपटावे. ज्यास एकदा बाधले त्याने मात्र हे काम दुसऱ्यावर सोपवावे व कातडीच्या डॉक्टरांस दाखवावे.