होळकर संघ : लहान संस्थानाची मोठी गोष्ट



फुटबॉलच्या विश्वचषकाचे दिवस आले की आपल्या शाळेच्या आवारात ब्राझील-अर्जेंटिनाच्या गोष्टी सुरू होतात. एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "उरुग्वे एवढासा देश, मग त्याने १९३० आणि १९५० साली विश्वचषक कसा जिंकला?" प्रश्न चांगला होता. त्याच्याशी जुळणारी एक गोष्ट आपल्या इंदूरातच घडलेली आहे. फक्त खेळ क्रिकेटचा होता.

होळकर संस्थान लहान, पण १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. त्यांपैकी चार वेळा तो विजयी झाला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. समोर मुंबई, बडोदा, बंगाल असे बलाढ्य संघ होते.

हे कसे साधले? पहिले कारण म्हणजे आश्रय. होळकर दरबाराने खेळाडूंना नोकरी व मान दिला. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ साली इंदूरला आले आणि होळकरांच्या सैन्यात अधिकारी झाले. १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात तेच कर्णधार होते. पोटाची काळजी मिटली म्हणजे खेळाडू मन लावून सराव करू शकतो.

दुसरे कारण, गुणांची कदर. संघात इंदूरचेच मुश्ताक अली होते. १९३६ साली मँचेस्टरला शतक ठोकून परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. सरवटे, जगदाळे, भांडारकर, निंबाळकर ही आपली मराठी मंडळीही होती. महायुद्धाच्या काळात महूला असलेला इंग्रज सैनिक डेनिस कॉम्प्टन १९४४-४५ चा अंतिम सामना होळकरांकडून खेळला. त्याने नाबाद २४९ धावा केल्या, तरी मुंबईने सामना जिंकला.

तिसरे कारण, शिस्त आणि चिकाटी. तो पराभव पचवून पुढच्याच वर्षी संघाने करंडक आणला. त्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा झाल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतके केली. त्यांत पन्नाशी ओलांडलेले कर्णधार नायडूही होते! सहा वेळा अंतिम सामना हरलेला हा संघ आहे, हेही मुलांनी लक्षात ठेवावे. हरण्याच्या भीतीने तो मैदानात उतरायचा थांबला नाही.

पुढे संस्थाने विलीन झाली, आश्रय गेला. १९५४-५५ नंतर होळकर हे नाव रणजी करंडकातून नाहीसे झाले. त्यानंतर मध्य प्रदेशाला करंडकासाठी २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे, वाट पाहावी लागली. तेव्हाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित १९९९ साली बंगळूरच्या ज्या मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते, त्याच मैदानावर त्यांच्या शिष्यांनी मुंबईला हरवले. अंतिम सामन्यात शतक करणाऱ्यांत आपल्या इंदूरचा रजत पाटीदार होता. उषाराजे ट्रस्टच्या मैदानाला २०१० साली होळकर स्टेडियम हे नाव मिळाले, तेवढी जुनी खूण शहरात राहिली आहे.

ही गोष्ट लिहिताना आम्हाला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. मागील सत्रात दहावीच्या जादा तासांसाठी खेळाचा तास आम्हीच काढून घेतला. निकाल त्याने फारसा सुधारला नाही, मुले मात्र कोमेजली. या सत्रापासून तो तास परत दिला आहे.

पालकांना विनंती, मूल मैदानावरून उशिरा आले तर आधी "काय खेळलास?" असे विचारा, मग अभ्यासाचे. विश्वस्त मंडळींना विनंती, मैदानाची जागा दुसऱ्या कामाला देऊ नये आणि गरजू खेळाडूंच्या बूट-बॅटची सोय व्हावी. राजाश्रय गेला, पण समाजाचा आश्रय आपल्या हातात आहे. पुढचा सरवटे कदाचित आपल्याच सहावीच्या वर्गात बसलेला असेल.