सदाफुली, कळलावी आणि पेशीतील नळ्या

पेण आणि रोहा तालुक्यांत पावसाळ्यात कुंपणांच्या आणि झुडपांच्या आधाराने चढणारी, लाल-पिवळ्या लहरी पाकळ्यांची कळलावी आणि अंगणाअंगणात बाराही महिने फुलणारी सदाफुली या दोन वनस्पतींचे कूळ वेगळे, रूप वेगळे आणि औषधी इतिहासही वेगळा. तरीही त्यांच्यातील विषारी द्रव्ये मानवी पेशीत शिरली की एकाच प्रथिनाला जाऊन चिकटतात. कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते व तो कंद पोटात गेल्यास माणूस दगावू शकतो, हे कोकणातील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. सदाफुलीच्या पानांतून मिळणारी व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन ही द्रव्ये मात्र गेली साठ वर्षे कर्करोगाच्या उपचारात वापरली जात आहेत. एक विष औषध ठरावे आणि त्याच जागी मारा करणारे दुसरे कर्करोगापुरते तरी विषच राहावे, याचा उलगडा त्या प्रथिनाच्या कामात आणि औषधाच्या मात्रेत शोधावा लागतो.

या प्रथिनाचे नाव ट्यूब्युलिन. त्याचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे रेणू जोडीने राहतात, या जोड्या एकावर एक बसून लांब पट्टी होते आणि साधारणपणे अशा तेरा पट्ट्या कडेने एकमेकींना चिकटल्या की आतून पोकळ अशी नळी तयार होते. हिलाच सूक्ष्मनलिका म्हणतात. तिचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे इतका लहान की माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा तीनेक हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. पेशीला आकार देणे, पेशीच्या आत मालाची ने-आण करण्यासाठी मार्ग पुरवणे आणि पेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी करणे ही तिची मुख्य कामे असून शालेय पुस्तकांतील सूत्री विभाजनाच्या आकृतीत जे तुर्कतंतू दाखवलेले असतात, ते मुख्यतः या नळ्यांचेच बनलेले असतात.

आकृतीत हे तंतू स्थिर दिसतात, पण प्रत्यक्षात ते क्षणभरही स्थिर नसतात. टिमथी मिचिसन आणि मार्क कर्श्नर यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की प्रत्येक नळी टोकाला नवे रेणू जोडत काही काळ वाढते, मग एकाएकी ढासळून आखूड होते आणि पुन्हा वाढू लागते, व एकाच पेशीत एक नळी वाढत असताना तिच्या शेजारची ढासळत असते. ही अस्थिरता पेशीच्या उपयोगाची असते, कारण विभाजनाच्या वेळी पेशीच्या दोन ध्रुवांपासून निघालेल्या नळ्यांना ४६ गुणसूत्रांच्या प्रत्येकी दोन प्रती हुडकून धरायच्या असतात आणि कोणते गुणसूत्र नेमके कोठे आहे, हे नळीला आधी ठाऊक नसते. म्हणून खाडीत गळ टाकणारा माणूस मासा लागेपर्यंत पुन्हा पुन्हा वेगळ्या दिशेला गळ टाकतो, त्याप्रमाणे नळ्या वाढतात, रिकाम्या परततात आणि पुन्हा वाढतात. एकही गुणसूत्र सुटे राहिले तरी पेशीतील तपासणीची यंत्रणा पुढच्या टप्प्याला परवानगी देत नाही. सर्व गुणसूत्रे दोन्ही बाजूंनी नीट जोडली गेल्यावरच त्यांच्या प्रती विलग होऊन दोन दिशांना खेचल्या जातात. निरोगी पेशीत हे सारे तासाभराच्या आसपास उरकते.

ट्यूब्युलिन हे स्वतंत्र प्रथिन म्हणून हाती लागले तेच मुळी कोल्चिसिनमुळे. शिकागो विद्यापीठात एडविन टेलर आणि गॅरी बोरिसी यांनी १९६७ मध्ये किरणोत्सर्गी कोल्चिसिन पेशींत सोडून ते कशाला चिकटते याचा माग काढला आणि त्या मागाच्या शेवटी हे प्रथिन सापडले. कर्करोगावर मात्र कोल्चिसिन चालले नाही, कारण कर्कपेशींना रोखणारी मात्रा आणि रुग्णाच्या जिवावर उठणारी मात्रा यांत पुरेसे अंतर राहत नाही. संधिवाताच्या गाऊट नावाच्या प्रकारात ते आजही अगदी अल्प मात्रेत देतात.

सदाफुलीचा शोध लागला तो मधुमेहाच्या नादात. कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांच्याकडे १९५२ मध्ये जमैकाहून या झाडाची पाने आली. जमैकात पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. उंदरांना तो अर्क पाजला असता रक्तातील साखरेवर काहीच परिणाम झाला नाही, पण टोचून दिला असता उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी भराभर घटत होत्या. पांढऱ्या पेशी घटवणारे द्रव्य पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर चालेल, हा तर्क पुढे खरा ठरला. चार्ल्स बीअर यांनी त्यातून व्हिन्ब्लास्टीन वेगळे केले, त्याचे निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेतून पुढे आलेल्या व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत ते आजही आहे. पानांतील या द्रव्यांचे प्रमाण इतके नगण्य असते की काही ग्रॅमसाठी ढिगाने वाळकी पाने लागतात. त्यामुळे अंगणातील सदाफुलीची पाने चावून कर्करोग बरा होईल ही समजूत निराधार तर आहेच, शिवाय मात्रेचा अंदाजच नसल्याने धोक्याचीही आहे.

तिसऱ्या औषधाच्या इतिहासात महाराष्ट्राचे एक नाव आहे आणि ते मराठी वाचकांना असायला हवे तितके परिचित नाही. नंदुरबार येथे १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन पुढे अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची साल १९६२ मध्ये गोळा करण्यात आली होती. तिच्यातील कर्करोगविरोधी द्रव्य शुद्ध करून त्याची गुंतागुंतीची रचना वॉल आणि वाणी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. टॅक्सॉल या नावाने आधी ओळखले गेलेले आणि आता पॅक्लिटॅक्सेल म्हणून दवाखान्यांत परिचित असलेले औषध ते हेच. साल काढली की वृक्ष मरतो, म्हणून पुढे युरोपीय यूच्या पानांतून मिळणाऱ्या सजातीय द्रव्यापासून ते अर्धसंश्लेषणाने बनवण्याची वाट काढली गेली व त्याच वाटेने डोसिटॅक्सेल हे दुसरे औषधही हाती आले.

पॅक्लिटॅक्सेल काम कसे करते, हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले, तेव्हा जाणकार चकित झाले. कोल्चिसिन आणि सदाफुलीची द्रव्ये ट्यूब्युलिनच्या जोड्या नळीत नीट बसू देत नाहीत, त्यामुळे मात्रा जास्त असल्यास नळ्या विरघळतात. पॅक्लिटॅक्सेल नेमके उलट करते, म्हणजे नळीच्या पोकळीच्या बाजूने बीटा ट्यूब्युलिनला चिकटून नळी इतकी पक्की करते की ती ढासळूच शकत नाही. मोडणारे औषध आणि घट्ट करणारे औषध यांचा परिणाम अखेर एकच होतो, कारण गुणसूत्रे हुडकण्यासाठी नळी वाढणे आणि ढासळणे ही दोन्ही कामे लागतात व त्यांतील कोणतेही एक बंद पडले की वाटणी अडते. किंबहुना अल्प मात्रेत दोन्ही गटांची औषधे नळ्या नष्टही करत नाहीत आणि त्यांची संख्याही फारशी बदलत नाहीत. केवळ त्यांची चंचलता मालवतात आणि तपासणीत अडकलेली पेशी तासन् तास तिष्ठत राहून बहुधा स्वतःच मरते.

पाठ्यपुस्तकांत स्थिरावलेले हे स्पष्टीकरण प्रयोगशाळेतील बशीत चोख ठरते, पण रुग्णाच्या गाठीत तसेच घडते असे मानणे घाईचे होईल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या गाठींतील पॅक्लिटॅक्सेलची प्रत्यक्ष मात्रा मोजून २०१४ मध्ये असे मांडले की त्या मात्रेला पेशी दीर्घकाळ अडकून पडत नाहीत; त्यांत दोनऐवजी तीन-चार ध्रुव तयार होतात, गुणसूत्रांची वाटणी वेडीवाकडी होते आणि असमान वारसा मिळालेल्या पुढच्या पेशी मरतात. तीस वर्षे सर्रास वापरात असलेल्या औषधाची मारण्याची रीत अजूनही वादाची असावी, ही वैद्यकाला लाज आणणारी बाब नाही. औषध चालते हे चाचणीतून कळते आणि ते का चालते हे पुष्कळदा मागाहून.

ट्यूब्युलिनवर नेम धरणे ही केवळ कर्करोगाची गोष्ट नाही. जंतनाशक दिनी शाळांत मुलांना चघळायला देतात ती अल्बेंडाझोलची गोळी जंताच्या ट्यूब्युलिनला पकडते. माणसाचे ट्यूब्युलिन त्याहून थोडे वेगळे असल्याने मुलाला इजा न होता जंत मरतो. कर्करोगात मात्र ही सोय नाही, कारण कर्कपेशी रुग्णाच्याच शरीरातील असते आणि तिच्यातील नळ्या इतर पेशींसारख्याच असतात. हळदीतील कर्क्युमिनही ट्यूब्युलिनला चिकटते, असे मुंबईच्या आयआयटीतील दुलाल पांडा यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले होते, पण काचेच्या नळीतील या निरीक्षणावरून आमटीतल्या हळदीला औषध ठरवणे हा निव्वळ उतावीळपणा होय.

नेम वेगळा साधता येत नसल्यामुळे दुष्परिणाम टळत नाहीत. केसांची मुळे आणि अस्थिमज्जा येथील पेशी सतत विभागत असतात, म्हणून केस गळतात आणि पांढऱ्या पेशी घटतात. न विभागणाऱ्या चेतापेशींना झळ लागते ती वेगळ्या कारणाने: कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा चेतातंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो, त्याच्या टोकापर्यंतचा सारा माल सूक्ष्मनलिकांवरून जातो आणि हा मार्ग बिघडला की सर्वांत लांबची टोके आधी उपाशी पडतात. म्हणून मुंग्या आणि बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन मोजे-हातमोजे घालावेत तसे वर चढतात. शर्टाचे बटण लावता न येणे किंवा पायातली चप्पल निसटल्याचे न कळणे ही त्याची रुग्णाला जाणवणारी रूपे असून ती अंगावर न काढता डॉक्टरांना वेळीच सांगितल्यास मात्रा कमी करता येते. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नसल्याने ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रवात मिसळतात, त्या द्रवाची काहींना तीव्र ॲलर्जी येते आणि त्यासाठी आधी स्टेरॉइड देऊन सलाईनच्या पहिल्या काही मिनिटांत रुग्णावर लक्ष ठेवावे लागते.

रायगड जिल्ह्यात खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था असल्याने पेण-रोह्याच्या रुग्णाला मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत न जाता पनवेलमार्गे तेथे पोहोचता येते. तंबाखू आणि मिश्रीच्या या मुलखात तोंडाचा व घशाचा कर्करोग नवा नाही आणि त्यावर किरणोपचारासोबत सिस्प्लाटिन हे औषध देण्याची रीत आहे. पण मूत्रपिंड कमजोर किंवा ऐकू कमी येत असल्यास ते देता येत नाही. अशा ३५६ रुग्णांवर टाटा रुग्णालयाने चाचणी घेतली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ४१.७ टक्के हयात होते, तर सोबत दर आठवड्याला अल्प मात्रेत डोसिटॅक्सेल घेतलेल्यांत हे प्रमाण ५०.८ टक्के होते. विभाजनाच्या ऐन टप्प्यात अडकलेली पेशी किरणांना अधिक बळी पडते, हे यामागचे एक कारण मानले जाते. त्याची किंमतही त्याच चाचणीत नोंदली गेली आहे: तोंडाच्या आतील अस्तराच्या पेशीही सतत विभागणाऱ्या असल्याने तोंड तीव्रपणे सोलवटण्याचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवरून जवळजवळ ५० टक्क्यांवर गेले, आणि म्हणून अशा रुग्णाच्या घरच्यांनी पातळ अन्नाची, वेळ पडल्यास नाकातून नळी घालून अन्न देण्याचीही, तयारी उपचार सुरू होण्याआधीच ठेवणे शहाणपणाचे ठरते.