आयर्विनखाली किती फूट?

मी मराठीचा प्राध्यापक. निसर्ग हा माझ्या पोटापाण्याचा विषय. गेली वीस-बावीस वर्षे मी वर्गात पाऊस पाडतो, श्रावणातले ऊन पसरतो आणि तास संपला की छत्री उघडून, चिखल चुकवीत घरी येतो. अभ्यासक्रमातला पाऊस आणि आभाळातला पाऊस यांची माझ्या दारात कधी गाठ पडेल, असे मला वाटले नव्हते. ती २०१९च्या ऑगस्टमध्ये पडली.

सांगलीकर पावसाळ्यात एकमेकांची खुशाली विचारीत नाहीत, "आयर्विनखाली किती फूट?" एवढेच विचारतात. हा पूल १९२९ सालचा. तिथे पाणी चाळीस फुटांवर गेले की इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. त्या आठवड्यात वर महाबळेश्वर-कोयनेकडचा पाऊस थांबायचे नाव घेईना. धरणे भरलेली, आणि खाली हरिपूरच्या संगमावर वारणा दुथडी भरून आलेली. आकडा पन्नासच्या पुढे गेला तरी आमच्या गावभागातले जुनेजाणते सांगत होते, "२००५ला आले होते तेवढे येईल. त्याच्यावर नाही."

२००५ची खूण आमच्या माजघराच्या भिंतीवर होतीच. वडिलांनी तांबड्या रंगाने ओढलेली ती रेघ आम्हांला वेदवाक्य. सामान त्या रेघेच्या वीतभर वर रचले, त्यावर माझी पुस्तके आणि टाचणांच्या वह्या ठेवल्या आणि आम्ही निर्धास्त झालो. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले.

पाणी पायरीला लागले तेव्हा आम्ही निघण्याच्या गडबडीत होतो. आई मात्र देवघरातून खण, नारळ, हळदकुंकू घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसून तिने त्या गढूळ पाण्याची ओटी भरली. माझा तोल गेला. म्हणालो, "आई, घर गिळायला आलीय ती!" आई शांतपणे म्हणाली, "अरे, दारात आलेल्या बाईला रिकामी कशी लावू परत?" यावर काय बोलणार? तिला हाताला धरून आम्ही विश्रामबागेत एका सहकाऱ्याच्या घरी गेलो. तिथेच ८ तारखेची बातमी कळली. ब्रह्मनाळला पुरातून सुटकेसाठी निघालेल्या माणसांची नाव उलटली होती. त्या रात्री कोणी जेवले नाही. आईने एकदाच विचारले, "लेकरं होती का रे त्यात?" होती.

आठवड्याने घरी परतलो. चिखलाचा वास कसा असतो हे शब्दांत सांगणे माझ्या धंद्याचे काम, पण ते मला अजून जमलेले नाही. कपाटाचे दार उघडेना, कारण आतली पुस्तके फुगून एकमेकांत घट्ट बसली होती. टाचणांच्या शाईचे निळे डबके झाले होते. मी पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलो. बायकोने ते पाहिले, काही न बोलता खराटा उचलला आणि ती मागच्या खोलीत गेली.

कॉलेज उघडले. पहिल्याच तासाला, स्वतःची समजूत काढावी म्हणून असेल, मी मुलांना ठणकावून सांगितले, "संकट माणसाला घडवते." हे माझे ठेवणीतले वाक्य. दर वर्षी मी ते उच्चारी आणि मुले ते उतरवून घेत. या वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. नदीकाठच्या गावची, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. म्हणाली, "सर, आमच्या दोन म्हशी दावणीलाच बुडाल्या. सोडायला वेळ मिळाला नाही. त्यातून मी काय घडले?"

वर्ग गप्प झाला. मीही गप्प. टाचण वाहून गेले होते, आणि असते तरी त्यात हे उत्तर नव्हते.

पुढच्या रविवारी वर्गातली मुले तिच्या गावी घरे धुवायला जाणार होती. मी न बोलावताच गेलो. तिने माझ्याकडे पाहिले आणि माझ्या हातात घमेले दिले. दिवसभर आम्ही माणसांची साखळी करून गाळ बाहेर काढत होतो. गोठ्यात दावण रिकामी होती. दुपारी तिचे वडील मला मळ्यापर्यंत घेऊन गेले. उभे पीक कुजून आडवे झाले होते. त्यांनी वाकून चिखल चिमटीत घेतला, चोळला आणि म्हणाले, "सर, मळी मोप बसलीया. हितं वांगी बगा कशी येतील." बोलताना त्यांचा आवाज कापत होता.

कृष्णाकाठच्या वांग्यांची चव ज्या मळीत आहे, ती पुरानेच आणून टाकलेली. हरिपुरात जमिनीच्या पोटात पेवे होती. त्यात हळद वर्षानुवर्षे टिके, ही त्या मातीची करामत. २००५ला त्याच नदीचे पाणी त्या पेवांत शिरले. देताना तिने आपल्याकडे पाहिले नव्हते, नेतानाही पाहिले नाही. पाणी उताराकडे जाते, एवढेच. त्यात धडा नाही आणि शिक्षाही नाही. पण चिमटीतल्या चिखलाला वांगी म्हणायचे, हे त्या माणसाने ठरवले. पाण्याने नव्हे. माझ्या आईनेही उंबऱ्यावर दुसरे काय केले होते? दोन म्हशींचे दुःख त्याने तसूभर कमी झाले नाही. पुढच्या पेरणीपर्यंत माणूस उभा मात्र राहिला.

त्या दिवाळीला आमच्या भिंती ओल्याच होत्या. चुना धरत नव्हता. तरी मुलीने पणत्या लावल्या आणि तांबड्या रेघेच्या वर नवी रेघ ओढून साल लिहिले. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेले. पण त्या वेळी आम्ही कोणत्याच रेघेवर विसंबलो नाही; पुस्तके आधीच शेजाऱ्यांच्या माडीवर पोचली होती. आई तोवर राहिली नव्हती. खण-नारळ घेऊन उंबऱ्यावर बायको बसली, आणि मी कंदील धरला.

ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे. टाचणांची नवी वही मी आठवून आठवून पुन्हा लिहिली. ते एक वाक्य तेवढे तिच्यात उतरवलेले नाही.