चार आण्यांची चैन

उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेले पाहुणे परत जायला निघाले, की मुलांच्या हातावर नाणं ठेवत. चार आणे, फार तर आठ आणे. त्या पैशांचा हिशेब कोणी विचारत नसे, म्हणून ते थेट कोपऱ्यावरच्या सोड्याच्या दुकानात पोहोचत. आज साठीला आलेल्या अनेकांना आपल्या मर्जीने केलेला पहिला खर्च आठवतो, तो गोटी सोड्याचाच!

दुकान ते केवढं! एक फळी, बर्फाची पेटी, सरबतांच्या रंगीत बाटल्या आणि लाकडी खोक्यात उभा केलेला जाड काचेचा गोटी सोडा. साधा सोडा सर्वांत स्वस्त. लिंबू पिळून मीठ घातलं की किंमत थोडी वाढे. रंगीत सोडा मात्र चैनीत मोडे. दोन भावंडं एक बाटली घेत आणि दुकानदार न सांगताच दोन ग्लास पुढे करी.

गोटीची जादू

मुलांचं खरं लक्ष असे ते गळ्यातल्या गोटीकडे. ही बाटली हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याची. त्याने १८७२मध्ये तिचं पेटंट घेतलं. बाटली भरून उलटी केली, की आतल्या वायूचा दाब गोटीला तोंडाजवळच्या रबरी कडीवर घट्ट धरून ठेवी. वेगळं बूच लागतच नसे. गोटी आत ढकलली, की फस्स! हाच सोडा दिल्लीत ‘बंटा’, तर तामिळनाडूत ‘गोली सोडा’ म्हणून ओळखला जातो.

बाटली इथेच ठेवा

बाटली पुन्हा भरायची असल्याने ती घरी नेता येत नसे. सोडा तिथेच उभं राहून प्यावा लागे. त्या पाच मिनिटांत शेजारचे काका निकाल विचारत, दुकानदार आजीच्या तब्येतीची चौकशी करी. पाच पैसे कमी पडले तर ‘उद्या आणून दे’ एवढंच म्हणे. ते दुसऱ्या दिवशी दिलेही जात. उधारी फेडण्याचा पहिला धडा अनेकांनी तिथेच गिरवला.

पुढे प्लॅस्टिकची बाटली आली. थंड पेय घरच्या फ्रीजमध्ये पोहोचलं आणि दुकानापाशी रेंगाळण्याचं कारणच उरलं नाही. ३० जून २०११पासून चार आण्यांचं नाणंही चलनातून गेलं. गोटी सोडा हल्ली लग्नसमारंभात पुन्हा दिसतो, पण तिथे मुलांना ना पैसे मोजावे लागतात, ना कोणाचा विश्वास राखावा लागतो.

आजचे आईवडील मुलांना मागाल ते आणून देतात. स्वतः जाऊन, पैसे मोजून, निवड करण्याची संधी मात्र क्वचितच देतात. एखाद्या रविवारी मुलांच्या हातावर वीस रुपये ठेवा आणि त्यांना जवळच्या दुकानात पाठवा. काय घेतलं, हे विचारू नका. कोण भेटलं, हे मात्र जरूर विचारा.